'सँक्शन' झालं म्हणजे नक्की काय झालं? (सोसायटीची नोटीस, तातडीचं)

सातवा_मजला (ठाणे, घोडबंदर रोड)
शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, प्रश्न भाषेचा आहे, पण त्यात आमचे दहा हजार रुपये अडकलेत, म्हणून जरा घाईत विचारतेय.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आज दुपारी कमिटीची नोटीस आली. इंग्रजीत. इमारतीत निम्म्याहून जास्त घरं मराठी, पण इंग्रजीत लिहिलं की वजन पडतं असा आमच्या सेक्रेटरींचा समज आहे. वाक्य जसंच्या तसं उतरवते:

'द मॅनेजिंग कमिटी हॅज सँक्शन्ड फ्लॅट ७०३ फॉर बाल्कनी ग्रिल वर्क.'

७०३ म्हणजे आम्ही. लेक दीड वर्षाची आहे, पाय ठेवायला जागा दिसली की चढते. म्हणून बाल्कनीला ग्रिल बसवायची परवानगी गेल्या महिन्यात लेखी मागितली होती. नोटीस वाचली, म्हटलं चला, सँक्शन झालं एकदाचं. नवऱ्याने तिथल्या तिथे कळव्याच्या फॅब्रिकेटरला दहा हजार अ‍ॅडव्हान्स पाठवला.

संध्याकाळी भाजीला खाली उतरले तर ४०२ च्या काकूंनी लिफ्टपाशी गाठलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "किती गं लावला दंड?"

मी गार. वर येऊन ग्रुप बघते तर दोघांनी रडका चेहरा टाकलाय आणि एका आजोबांनी 'वेल डन कमिटी, नियम म्हणजे नियम.' डिक्शनरी उघडली तर तिथे मान्यता देणे हाही अर्थ आणि शिक्षा करणे हाही! त्यात आमची एक चूक आहे, लपवत नाही: माप घ्यायला आलेल्या माणसाने परवानगीआधीच दोन भोकं पाडून ठेवली होती आणि कुणीतरी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला होता.

सेक्रेटरी गावी गेलेत, राजापूरला, फोन लागत नाही. चेअरमन म्हणतात, "मी फक्त सही केली. मजकूर त्यांचा." आता मी काय समजू?

तर्री_वेगळी (ठाणे, जांभळी नाका)
शनिवार, रात्री ९:५२

दोन भोकांचा दंड आणि उरलेल्या भोकांची परवानगी. हिशेब सरळ आहे.

निवृत्त_उपअभियंता (नेरुळ)
शनिवार, रात्री १०:०५

ताई, घाबरू नका. ३४ वर्षं सरकारी बांधकामात काढली. सँक्शन म्हणजे मंजुरी, दुसरा अर्थ मी तरी फाइलवर पाहिला नाही. आधी प्रशासकीय मान्यता, मग अंदाजपत्रक तपासून टेक्निकल सँक्शन, त्याशिवाय निविदा निघत नाही. आस्थापनेत सँक्शन्ड पोस्ट म्हणजे मंजूर पद. रजेचा अर्ज टाकायचा तो सँक्शन व्हायला. नवी मुंबईत तर १९७० पासून सिडको आहे, इथलं शेंबडं पोरही प्लॅन सँक्शन आहे का हे विचारतं.

पुरावा हवा असेल तर घरातलं लाइट बिल काढा. त्यावर 'मंजूर भार' असा रकाना आहे, तोच सँक्शन्ड लोड. महावितरणने तुम्हाला किलोवॅटमध्ये दंड केलेला नाही.

उलवे_ताबा_कधी (उलवे)
शनिवार, रात्री १०:११

कर्जाचं सँक्शन लेटर फाइलला लावून तीन दिवाळ्या झाल्या. ताबा नाही म्हणून पुढचे हप्ते सुटत नाहीत. माझ्यापुरते दोन्ही अर्थ एकच आहेत. चालू द्या.

ऐरोलीकर
शनिवार, रात्री १०:३०

काका, दुसरा अर्थ बघायचा असेल तर ऐरोलीला या, मी त्यावरच पोट भरतो.

परदेशी बँकांचं काम करणाऱ्या एका बॅक ऑफिसात आहे. जॉइन झालो तेव्हा टीमचं नाव सांगितलं 'सँक्शन्स'. मी घरी फोन केला की कर्ज मंजूर करणाऱ्या खात्यात लागलो. बाबांनी चाळीत पेढे वाटले. आठवड्याभरात दोन नातेवाईक गृहकर्जाचे कागद घेऊन घरी हजर.

पहिल्याच दिवशी ट्रेनिंगमध्ये उजेड पडला. अमेरिकेच्या अर्थखात्याचं ओफॅक नावाचं कार्यालय आहे. ज्यांच्याशी व्यवहार करायचा नाही अशी माणसं, कंपन्या, अगदी जहाजंसुद्धा, यांची ते यादी काढतं. पैसे पाठवणारा किंवा घेणारा त्या यादीत तर नाही ना, हे आम्ही बघायचं. नाव जुळलं की व्यवहार थांबवायचा. मंजूर करणारे नव्हे हो, अडवणारे! पेढे मात्र परत मागता आले नाहीत.

गंमत म्हणजे आमच्याच मजल्यावर दुसरी टीम कर्जाची सँक्शन लेटर काढते. चहाचं मशीन एकच. त्यांच्या पाटीवर शेवटचा 'स' नाही, एवढाच फरक.

इंग्रजीची_बाई (कोपरखैरणे)
शनिवार, रात्री ११:०२

ऐरोलीकरांनी त्या 'स'कडे बोट दाखवलं ते बरं केलं, अर्धी गाठ तिथेच सुटते. नाम एकवचनी आणि मोघम असेल, म्हणजे नुसतं सँक्शन मिळालं, सँक्शन हवं, तर बहुतेक वेळा मंजुरी. अनेकवचन झालं आणि ते कुणावर तरी 'लादलं' गेलं की निर्बंध. १९९८ च्या मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेने भारतावर सँक्शन्स लादले. मी तेव्हा नववीत होते. वडील बँकेत, त्यामुळे घरात हा शब्द कायम पेढ्यांसोबत आलेला. मी वर्गात सांगून मोकळी झाले की अमेरिकेने आपल्याला मंजुरी दिली. सरांनी बाकावर उभं केलं. ते माझं पहिलं सँक्शन.

क्रियापद असेल तर मी मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवते: सँक्शन कोणाला केलंय, वस्तूला की माणसाला? लोन, प्लॅन, रजा, खर्च ही कामं आहेत, ती सँक्शन होतात म्हणजे मंजूर होतात. माणूस, कंपनी, देश सँक्शन झाला तर त्याच्यावर कारवाई झाली. क्रिकेटमध्ये दोन्ही शेजारी शेजारी सापडतात. २००७ साली इंडियन क्रिकेट लीग निघाली, तिला बीसीसीआयचं सँक्शन नव्हतं. म्हणून तिथे खेळायला गेलेल्यांवर बंदी आली, म्हणजे खेळाडू सँक्शन झाले. स्पर्धेला मिळालं नाही म्हणून खेळाडूंना मिळालं!

आता नोटीस पुन्हा वाचा. सँक्शन काय केलंय? ग्रिलचं काम नाही. फ्लॅट ७०३. आणि पुढे 'फॉर' लावून कारण दिलंय. सातवा_मजला, वाईट वाटून घेऊ नका, पण इंग्रजी व्याकरणाने बघितलं तर ४०२ च्या काकूंचं बरोबर आहे.

सातवा_मजला
शनिवार, रात्री ११:०९

बाई, आज झोप नाही मला. फॅब्रिकेटरला फोन केला तर म्हणतो पाइप कापून झाले.

निवृत्त_उपअभियंता
शनिवार, रात्री ११:१५

व्याकरण सेक्रेटरीने वाचलंय असं गृहीत का धरता बाई? आम्ही आयुष्यभर 'सँक्शन्ड द पार्टी फॉर सो अँड सो वर्क' असंच लिहीत आलो. लंडनला चालत नसेल, कोकण भवनात चालतं.

इंग्रजीची_बाई
शनिवार, रात्री ११:२१

काका, चालतं हे मान्य. पण त्यापायी एका बाईचे दहा हजार टांगणीला लागलेत हेही मान्य करा.

कोर्टनाका (ठाणे)
रविवार, सकाळी ७:५०

सकाळी उठून धागा वाचला. ताई, आधी धीराचं सांगतो, मग शब्दाकडे वळू.

गृहनिर्माण संस्थेत सभासदाला दंड लावायचा तर कमिटीने ग्रुपवर एक ओळ टाकून भागत नाही. उपविधींचा भंग झाला असेल तर आधी कारणे दाखवा नोटीस, तुमचं म्हणणं ऐकणं, आणि दंडाचा निर्णय सर्वसाधारण सभेचा. तुम्हाला तसा कागद आलाय का? नसेल तर ही ओळ दंडाची असली तरीही फार टिकायची नाही.

आता शब्द. उपअभियंता साहेब म्हणतात मंजुरी, बाई म्हणतात शिक्षा. आमच्या कोर्टात तिसराच प्रकार आहे. सरकारी नोकराने कर्तव्य बजावताना काही केलं असेल आणि त्यावर खटला भरायचा असेल, तर आधी सरकारचं सँक्शन लागतं. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९७ ते हेच. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिथे ते कलम २१८ आहे, आणि १२० दिवसांत सरकारने निर्णय घेतला नाही तर सँक्शन मिळालं असं धरायचं. लाचलुचपतीच्या १९८८ च्या कायद्यात कलम १९ आहे, तेही याच जातीचं.

अशा प्रकरणात 'अमुक अधिकाऱ्याविरुद्ध सँक्शन मिळालं' असं आम्ही म्हणतो तेव्हा मंजुरी कोणाला आणि फटका कोणाला? पोलिसांना मंजुरी, साहेबांना फटका. कागद एकच. माझा एक ज्युनिअर पहिल्या वर्षी अशाच एका अशिलाला फोन करून म्हणाला, "साहेब, अभिनंदन, सँक्शन आलं." अशील त्यानंतर परत आला नाही.

मुळात रोमन लोकांकडे 'सँक्शिओ' म्हणजे कायद्याच्या मजकुराचा तो भाग, ज्यात हा मोडलात तर काय भोगावं लागेल ते लिहिलेलं असे. कायदा पक्का करणारी ओळ आणि शिक्षेची ओळ वेगळी नव्हतीच. एखादी गोष्ट पवित्र, हात न लावण्याजोगी करणे, असा त्यामागचा लॅटिन धातू. इंग्रजीत हा शब्द आला तो हुकूम, फर्मान या अर्थाने. मान्यता देणे हे क्रियापद बरंच नंतरचं, आणि एखाद्याला शिक्षा करणे या अर्थाचं क्रियापद तर विसाव्या शतकातलं.

ऐरोलीकर
रविवार, सकाळी ८:३५

म्हणजे सँक्च्युअरी पण त्यातलाच का? आमच्या खिडकीतून खाडी दिसते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, २०१५ ला जाहीर झालं.

कोर्टनाका
रविवार, सकाळी ८:४१

त्यातलाच, आणि उदाहरण फर्मास दिलंत. सरकारने कागद एकच काढला. फ्लेमिंगोला अभय, आपल्याला मनाई. पक्ष्याने वाचला तर मंजुरी, बिल्डरने वाचला तर निर्बंध.

बेलापूर_स्लो
रविवार, सकाळी १०:२०

एवढा किस पाडण्यापेक्षा नोटीस मराठीत काढा की! मराठीत 'मंजूर' म्हणजे मंजूर आणि 'दंड' म्हणजे दंड. असले दुतोंडी शब्द इंग्रजीतच. आपली भाषा सरळ आहे.

शब्दवेडी (ठाणे, नौपाडा)
रविवार, दुपारी १२:४५

बेलापूर_स्लो, कालपासून गप्प बसले होते, पण 'आपली भाषा सरळ आहे' वाचून हातातली पोळी तव्यावर ठेवून आले.

मला सांगा, 'परवा' म्हणजे कधी? होऊन गेलेला की यायचा आहे तो? नुसतं 'परवाची मीटिंग' म्हटलं तर कुणीही सांगू शकणार नाही. आपण निघताना 'येते हं' म्हणतो. देवापुढे नारळ फोडतो तेव्हा तो 'वाढवतो', आणि बांगडी फुटली तर ती 'वाढली'. घरात कुणी नवीन सून आली, तिला मराठी शिकवताना हे सगळं समजावून बघा एकदा.

आणि सँक्शनचा तर जुळा भाऊच आपल्याकडे आहे: शासन. 'शासन निर्णय' म्हटलं की सरकार, हुकूम, मान्यता. 'कठोर शासन केलं पाहिजे' म्हटलं की शिक्षा. शाळेत आम्हाला बाई म्हणायच्या, "खोड्या केल्यास तर शासन होईल." त्या काही आम्हाला मंत्रिपद देणार नव्हत्या. संस्कृतातही हुकूम, शिक्षा, राजाने दिलेलं दानपत्र असे सगळे अर्थ या एका शब्दात नांदतात. ताम्रपटाला ताम्रशासन म्हणतात ते त्यातूनच. आपल्या ठाण्यातच शिलाहार राजा अरिकेसरीचा असा ताम्रपट सापडला, शके ९३९ चा, म्हणजे इ.स. १०१७. ठाणं तेव्हा श्रीस्थानक होतं, शिलाहारांची राजधानी.

कोर्टनाका यांनी रोमन कायद्याची शेवटची ओळ सांगितली तेव्हा मला गधेगळ आठवला. त्याच शिलाहारांच्या काळातले हे दगड, आपल्या उत्तर कोकणात बरेच मिळालेत. वर सूर्य आणि चंद्र, मध्ये दानाचा मजकूर, खाली गाढव आणि बाईचं ते शिल्प. वरचा भाग सांगतो, सूर्यचंद्र आहेत तोवर ही जमीन याची. खालचा भाग सांगतो, जो हे मोडेल त्याच्या आईचं काय होईल. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून चित्र काढून. मंजुरी आणि शिवी एकाच दगडावर! शिवी नसती तर मंजुरीला कोणी विचारलं नसतं. मला तरी सँक्शन हा एकच शब्द वाटतो, फक्त कोणी दगडाचं वरचं टोक वाचतं, कोणी खालचं.

राहता राहिलं तुमचं 'मंजूर'. तो शब्द अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेला. 'नजर' ज्या धातूची, त्याचाच हा. मंजूर म्हणजे नजरेखालून गेलेलं. कोर्टातले नाझर साहेब पण याच घरातले.

पोळी करपली.

बेलापूर_स्लो
रविवार, दुपारी १:१०

बरं बाई, शब्द मागे घेतो. शासन करू नका.

वाळीत_टाकलेला (दिघा)
रविवार, दुपारी ३:३०

अवांतर वाटेल, पण समाजशास्त्रात मी हा शब्द वेगळाच शिकलो. तिथे समाजाने माणसाला रांगेत ठेवायला जे जे केलं ते सगळं सँक्शन. शिक्षा तर आहेच, पण शाबासकीसुद्धा. सत्यनारायणाला नाव पुकारणं हे सँक्शन आणि वाळीत टाकणं हेही सँक्शन. दुसऱ्यासाठी महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. आयडी बघून अंदाज आलाच असेल की मी हे नुसतं पुस्तकात वाचलेलं नाही. असो.

धागाकर्तीला एवढंच सांगतो, की ग्रुपवरचे ते दोन रडके चेहरे आणि लिफ्टपाशीची कुजबुज, हे खरं सँक्शन. कमिटीने काहीही लिहिलेलं असो, ते तुम्हाला कालच मिळालं.

सातवा_मजला
रविवार, दुपारी ४:०५

हे मात्र अगदी खरं आहे. आज सकाळी दूधवाल्याने पण विचारलं.

तर्री_वेगळी
रविवार, दुपारी ४:१२

दूधवाल्यापर्यंत गेलं म्हणजे आता मामलेदारला मिसळ खातानाही निघणार.

निवृत्त_उपअभियंता
रविवार, संध्याकाळी ६:४०

शब्दवेडी ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. गधेगळ मी पाहिलेला आहे. एका रस्त्याच्या रुंदीकरणात शेताच्या बांधावर निघाला होता. मजुरांनी हात लावायला नकार दिला, कंत्राटदार चिडला, शेवटी पुरातत्त्वची माणसं येईपर्यंत काम थांबलं. टेक्निकल सँक्शन माझ्या खिशात होतं आणि मी दगडापुढे उभा. हा विचार तेव्हा सुचला असता तर बरं झालं असतं.

बाईंचंही एक मान्य करतो. काम मंजूर करायचं असेल तर कामाचंच नाव आधी लिहावं. आमच्या जुन्या नोटिंगमध्ये पार्टीचं नाव आधी लिहायची खोड होती ती खोडच होती.

सातवा_मजला
सोमवार, रात्री ८:५५

अपडेट. सेक्रेटरी परत आले. मी कामावरून घरी न जाता थेट सोसायटीच्या ऑफिसात गेले, पर्स खांद्यालाच. विचारलं, "काका, सँक्शन म्हणजे काय?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी पाणी म्हणजे काय विचारलं. म्हणाले, "अगं, परवानगी! दुसरं काय असतं?" मी फोनवर हा धागा उघडून पुढे धरला. चष्मा वर करून त्यांनी सगळा वाचला. गधेगळाला पोचले तेव्हा हसले. वाळीत_टाकलेला यांच्या प्रतिसादावर थांबले, मग म्हणाले, "हे वाईट झालं. तुला त्रास झाला उगीच." भोकांचा फोटो त्यांनी पाहिलाच नव्हता. तो बघून मात्र म्हणाले, "ती सिमेंटने बुजवून घे, पावसाआधी."

तर परवानगी मिळालीये, दहा हजार वाचलेत, ग्रिल शनिवारी बसतंय. ४०२ च्या काकूंना घरी जाऊन सांगितलं. त्यांचा चेहरा जरा पडल्यासारखा वाटला, पण तो माझा भास असेल.

सेक्रेटरींनी माझ्यासमोरच खुलाशाची नोटीस टाइप केली. मी म्हटलं मराठीत लिहा. म्हणाले, "आधीची इंग्रजीत होती, तर दुरुस्तीही इंग्रजीत हवी, रेकॉर्डला बरं." आत्ताच ग्रुपवर आलीये, ती अशी:

'द कन्फ्यूजन रिगार्डिंग फ्लॅट ७०३ इज ड्यू टू द ओव्हरसाइट ऑफ द कमिटी.'

इंग्रजीची_बाई
सोमवार, रात्री ९:०१

अरे देवा. ओव्हरसाइट!! म्हणजे कमिटीची देखरेख होती म्हणून घोळ झाला, की नव्हती म्हणून?

शब्दवेडी
सोमवार, रात्री ९:०८

मंजूर म्हणजे नजरेखालून गेलेलं, आणि आता ही नजरचूक. कमिटीची नजर शेवटी होती कुठे?

तर्री_वेगळी
सोमवार, रात्री ९:१०

४०२ मध्ये.

बेलापूर_स्लो
सोमवार, रात्री ९:१४

ओव्हरसाइटचा नवीन धागा काढा, याचे दोनशे प्रतिसाद करू नका. मी परवा येतो.

इंग्रजीची_बाई
सोमवार, रात्री ९:१५

कुठल्या परवा?